सैन्यात गेलेले लेकरू आणि घरचा धागा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावर आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, विवाहेच्छू तरुणतरुणींचा परिचय करून देतो आणि सैन्यात भरती झालेल्या मुलांच्या गळ्यात हार घालतो. हार घातला जातो, टाळ्या होतात, मुलगा गाडीत बसून निघून जातो. त्यानंतर त्याच्या आईबापांचे दिवस कसे जातात, याचा विचार मात्र येथे फारसा झालेला नाही. म्हणून आज बोलण्याची संधी मिळताच आम्ही हाच विषय निवडला. सैन्यात गेलेल्या लेकराशी घराचा धागा कसा राखावा, हा वरवर घरगुती वाटणारा प्रश्न आहे. परंतु त्यात मुलाचे मनःस्वास्थ्य, आईबापांची झोप आणि प्रसंगी घरची जमीनही गुंतलेली असते, हे आपणांस पटवून द्यावे असा आमचा हेतू आहे.

साताऱ्याकडे अपशिंगे नावाचे गाव आहे. त्यास 'मिलिटरी अपशिंगे' असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धापासून तेथील घरोघरचे पुरुष पलटणीत गेले. अशा गावात मुलगा भरती झाला म्हणजे बापास काही शिकवावे लागत नाही. आजोबांनी शिकविलेले असते. पत्र उशिरा आले तर घाबरावयाचे नाही, रजा रद्द झाली तर रुसावयाचे नाही, हे तेथील बायामाणसांस जणू बाळकडूतूनच मिळते. आपल्या वर्धा जिल्ह्यात ही परंपरा तेवढी दाट नाही. आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर या बाजूंस कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारी आपली घरे; त्यांतील पुष्कळ घरांतून सैन्यात गेलेला मुलगा हा त्या घरातला पहिलाच असतो. आईबापांजवळ पूर्वानुभवाची शिदोरी नसते. ती शिदोरी एकमेकांस देणे हे मंडळाचे काम आहे.

घर आणि पलटण यांच्यामधील हा धागा फार जुना आहे. हिंदी फौज १८५६ साली इराणच्या मोहिमेवर गेली तेव्हा तिच्याबरोबर टपालघरही गेले होते. शिधा आणि दारूगोळा यांच्याइतकीच पत्रांचीही फौजेला गरज असते, हे राज्यकर्त्यांस तेव्हाच कळून चुकले होते. १९१४ साली हिंदी शिपाई फ्रान्सच्या रणांगणावर उतरले. त्यांतील कित्येकांस लिहिता येत नव्हते. ते दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेत आणि गावी ते कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी. लिहिणारा, तपासणारा लष्करी अधिकारी आणि वाचणारा अशा तीन परक्या माणसांच्या हातून बापलेकांचे बोलणे होई, तरीही ते होत असे. पुढे मेसोपोटेमियात कुत येथे वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या हाती सापडले. त्यांत बहुसंख्य हिंदी होते आणि मराठा पलटणींचे जवानही होते. आपला मुलगा जिवंत आहे की नाही हे कळण्यासाठी त्यांच्या आईबापांनी कसे दिवस काढले असतील, याची कल्पना केली म्हणजे आपल्या आजच्या अधीरतेस थोडा लगाम बसतो.

आज काळ पालटला आहे. १९८४ च्या एप्रिलपासून आपले सैन्य सियाचीनच्या हिमनदीवर पहारा देत आहे. तेथील जवानास घरी बोलण्यासाठी उपग्रहाच्या फोनवर मिनिटास ५ रुपये मोजावे लागत. २०१७ च्या दिवाळीपासून तो दर १ रुपयावर आला. २०२५ च्या जानेवारीत तर त्या हिमनदीवर मोबाइलचे जाळेही पोहोचले. तारेची सोय २०१३ च्या जुलैत बंद झाली आणि तार म्हटली की छातीत होणारी धडधडही तिच्याबरोबर संपली. परंतु साधने वाढली म्हणजे संबंध आपोआप वाढतोच असे नाही. दररोज फोन होतो, "जेवलास का?" "जेवलो." "बरा आहेस ना?" "बरा आहे." एवढ्यावर तो संपतो आणि दोन्ही टोकांस माणसे अधिकच एकटी होतात, असे आम्ही पुष्कळ घरांतून पाहिले आहे.

याकरिता आमची पहिली विनंती अशी की, फोन असला तरी पत्र सोडू नये. फोन ऐकून संपतो, पत्र खिशात राहते. रात्रीचा पहारा संपवून आलेला मुलगा ते चारदा वाचू शकतो. पत्रात मोठा उपदेश असण्याची गरज नाही. पोळ्याला बैलांच्या शिंगांस कोणत्या रंगाचे बेगड लावले, धाम नदीला पूर केव्हा आला, कापसाची पहिली वेचणी कोणत्या वावरातून झाली, शेजारच्या काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन कसे झाले, धाकटीने तान्हा पोळ्यास कोणता लाकडी नंदी नेला, हे लिहावे. आपणांस हे क्षुल्लक वाटते. दूर असलेल्यास याच गोष्टींनी घर पुन्हा उभे करून मिळते. आईस लिहिता येत नसेल तर तिने सांगावे व नातवंडाने लिहावे. मात्र लिहिणाऱ्याने तिचे शब्द सुधारू नयेत. माय जशी बोलते तशीच ती कागदावर उतरली पाहिजे.

पत्त्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या जिल्ह्यास हा धडा नवा नाही. गांधीजी १९३६ साली ज्या सेगावात राहावयास आले, त्या गावाची आणि विदर्भातीलच शेगावची टपालात गल्लत होई. पुढे १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले, त्यामागे ही अडचण होती. एका अक्षराच्या फरकाने महात्म्याचीही पत्रे वाट चुकत असतील, तर आपल्या मुलाची का चुकणार नाहीत? सैनिकाच्या पत्त्यात त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव व तुकडी आणि त्यापुढे '५६ ए. पी. ओ.' किंवा '९९ ए. पी. ओ.' असे लिहितात. पहिला आकडा दिल्लीच्या तळ टपालघराचा आहे व दुसरा कलकत्त्याच्या. १९७२ साली पिनकोड आला तेव्हा सैन्याच्या टपालासाठी ९ हा आरंभीचा आकडा राखून ठेवण्यात आला. ही रचना मुद्दाम केलेली आहे. पत्र मुलापर्यंत पोहोचते, पण तो कोठे आहे हे पाकिटावरून कोणास कळत नाही. म्हणून "लडाख" किंवा "आसाम" असे स्थळाचे नाव आपण होऊन जोडू नये. आतील मजकूर खुशाल आपल्या वऱ्हाडी बोलीत असावा. वरील पत्ता मात्र इंग्रजीत वा हिंदीत सुवाच्य लिहावा, कारण पत्रांची निवड करणारा कारकून कोणत्या प्रांताचा असेल हे सांगता येत नाही.

दिवाळीचा फराळ पाठविण्याची हौस प्रत्येक आईस असते. ती पुरवावी, परंतु दोन गोष्टी ध्यानात धराव्यात. वाटेत पंधरा दिवस लागले तरी खराब होणार नाही असेच द्यावे. शंकरपाळे, चिवडा, तिळाचे लाडू, सुके तीळखोबऱ्याचे कूट हे टिकते, ओल्या खोबऱ्याची करंजी टिकत नाही. दुसरे असे की, बराकीत डबा उघडला म्हणजे तो एकट्याचा राहत नाही. पंजाबचा, केरळचा, गढवालचा मित्र शेजारी बसलेला असतो. तेव्हा द्यावयाचे तर दहा जणांस पुरेल असे द्यावे.

आता आम्ही सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळतो. घरचे वाईट वर्तमान मुलास कळवावे की लपवावे?

आपला जिल्हा कोणत्या संकटातून गेला आहे हे येथे बसलेल्यांस सांगावयास नको. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वर्ध्याचे नाव होते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाच्या कपाशीची काय दशा केली, तेही आपण पाहिले. अशा वेळी बाप म्हणतो, "त्याला कशाला सांगायचे? तो तिकडे काळजी करील." यातील माया आम्हांस मान्य आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. कारण गावात चारशे मोबाइल आहेत. बापाने लपविलेली गोष्ट मित्राकडून, मेहुण्याकडून किंवा व्हॉट्सॲपवरून मुलास कळतेच, आणि ती अर्धी व तिखटमीठ लावून कळते. मग त्यास दोन दुःखे होतात. संकटाचे एक, आणि घरच्यांनी आपल्यास परके मानले याचे दुसरे. पुढे बाप खरोखरच "सर्व ठीक आहे" म्हणाला तरी त्या शब्दांवर त्याचा विश्वास बसत नाही. हातात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या तरुणास घराच्या शब्दावर विश्वास असणे, यासारखे कवच नाही.

तेव्हा खरे सांगावे, परंतु पुरे सांगावे. समजा, सेलू तालुक्यातील एखाद्या बापाचे पीक गेले. "सगळे बुडाले, आता काय करावे समजत नाही," एवढेच त्याने फोनवर सांगितले, तर मुलगा रात्रभर तळमळेल. तेथून त्यास काहीच करता येत नाही. त्याऐवजी त्याने दोन दिवस थांबावे, नुकसान किती झाले ते मोजावे, सोसायटीचे कर्ज किती व सावकाराचे किती ते पाहावे, पीकविम्याची खबर दिली की नाही, कोणता नातलग मदतीस उभा आहे, हे ठरवावे. आणि मग संकट व त्यावर योजलेला उपाय दोन्ही एकत्र कळवावे. ज्या बातमीबरोबर पुढचे पाऊल सांगितले जाते ती बातमी माणसास खचवीत नाही. आजाराचेही तसेच. डॉक्टरांनी काय सांगितले, रोगी कोणत्या दवाखान्यात आहे, जवळ कोण बसले आहे, हे कळल्यावर मुलगा स्वतः विचार करू शकतो आणि आपल्या वरिष्ठांपाशी नीट बोलू शकतो. मृत्यूची वार्ता मात्र भलत्याच्या तोंडून जाऊ देऊ नये. घरातील एका जबाबदार माणसाने ती सांगावी आणि शक्य असेल तर आधी तुकडीच्या कार्यालयास कळवावी, म्हणजे मुलास ती ऐकताना जवळ कोणीतरी असेल.

याच्याच उलट बाजूचा एक दोष आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. मुलाने यावे म्हणून आई अत्यवस्थ असल्याची खोटी तार करण्याची पद्धत एके काळी सर्व देशभर पडली होती. तिचा परिणाम असा झाला की, खरी तार आली तरी अधिकारी साशंक होत आणि चौकशीत वेळ जाई. खोटे बोलून मिळविलेल्या एका रजेची किंमत दुसऱ्या कोणा आईस भरावी लागे. आज तार नाही, पण ती वृत्ती सर्वस्वी गेली आहे असे म्हणवत नाही. जवानास वर्षास ६० दिवसांची वार्षिक व ३० दिवसांची किरकोळ रजा असते. अग्निवीरास वर्षाची ३० दिवसांचीच असते. ती केव्हा मिळेल हे त्याच्या हातात नसते. म्हणून घरच्या कार्याची तिथी रजेशी जुळवावी, रजेस तिथीशी जुळविण्याचा हट्ट धरू नये. आणि खरोखर संकट आले तर वैद्यकीय कागद हाताशी ठेवून वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जावे. सैनिकांच्या कुटुंबांस साहाय्य करणे हेच त्या कार्यालयाचे काम आहे.

कधी कधी आठ आठ, दहा दहा दिवस फोन लागत नाही. ही मौनाची परीक्षा सर्वांत कठीण होय. तुकडी हालत असते, पर्वतात जाळे नसते किंवा फोन वापरण्यास मनाई असते. त्या मौनाचा अर्थ बहुधा एवढाच असतो. अशा काळात दूरचित्रवाणीसमोर अहोरात्र बसून राहणे हा आईबापांनी स्वतःवर केलेला जुलूम आहे. मुलगा निघतानाच त्याच्याशी ठरवून ठेवावे की, "इतके दिवस फोन आला नाही तर आम्ही घाबरणार नाही, त्यानंतर अमुक ठिकाणी विचारू." असा करार असला म्हणजे आईस दिवस मोजता येतात आणि मुलाच्या मनावरचे ओझे उतरते.

गुप्ततेचा मुद्दाही येथेच येतो. २०२० च्या जुलैत सैन्याने आपल्या जवानांस मोबाइलमधील ८९ ॲप काढून टाकण्याचा आदेश दिला. त्यांत फेसबुक व इन्स्टाग्रामही होते. मुलाने नियम पाळावा आणि आपण मात्र त्याचे गणवेशातील छायाचित्र तुकडीच्या नावासह व ठिकाणासह गावच्या समूहावर टाकावे, हे कसे चालेल? अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तो मुलाच्या जिवावर बेतू नये. ही सूचना आपल्या स्मरणिकेसही लागू आहे. तीत सैनिक मुलामुलींची नावे अवश्य छापावीत; तुकडी व नेमणुकीचे स्थळ छापू नये, असे आमचे संपादक मंडळास आग्रहाचे सांगणे आहे.

भावनेइतकीच कागदपत्रांचीही निगा राखावी लागते. घरात एक वही असावी. तीत मुलाचा सैनिक क्रमांक, हुद्दा, तुकडीचा पत्ता आणि त्याचे अभिलेख कार्यालय, म्हणजे आपण ज्याला रेकॉर्ड ऑफिस म्हणतो ते, लिहून ठेवावे आणि ती वही आईसही ठाऊक असावी. लग्न झाले, अपत्य झाले, आईबापांपैकी कोणी वारले, तर ती नोंद रेकॉर्ड ऑफिसात झाली की नाही हे मुलास विचारावे. या एका नोंदीवाचून पुढे सासू आणि सून यांच्यात वितुष्ट आलेले व निवृत्तिवेतन अडकलेले आपण ऐकतो. सेवेतील सैनिकावर अवलंबून असलेल्या आईबापांस लष्करी रुग्णालयात उपचार मिळू शकतात. आपणांस कामठी जवळ आहे. त्यासाठी मुलाने आपले नाव अवलंबित म्हणून नोंदविलेले असले पाहिजे.

जमिनीविषयी एक कायदा सर्वांस ठाऊक असावा. भावकीतील वाद तलाठ्यापासून दिवाणी न्यायालयापर्यंत जातात आणि सैनिक भाऊ हजर नाही याचा फायदा घेण्याची बुद्धी कोणास होते. १९२५ साली 'भारतीय सैनिक (दावे) अधिनियम' झाला तो याचसाठी. युद्धावर वा कायद्यात सांगितलेल्या विशेष परिस्थितीत सेवा करीत असलेल्या सैनिकाविरुद्धचे दिवाणी वा महसुली प्रकरण त्याच्या गैरहजेरीत चालू नये म्हणून न्यायालयास ते स्थगित करता येते, आणि असा सैनिक पक्षकार असल्याचे जिल्हाधिकारीही न्यायालयास कळवू शकतात. बापाने नोटीस घेऊन गप्प बसू नये. ती मुलास कळवावी आणि वकिलास हा कायदा दाखवावा.

यापुढे हे सर्व आपण केवळ मुलांच्या संबंधात बोलून चालणार नाही. २०२२ साली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. आपल्या समाजातील कन्याही त्या वाटेने जातील. तेव्हा "परक्याचे धन" म्हणून तिच्या पत्रास उत्तर देण्यात कुचराई होऊ नये. तसेच अग्निवीर होऊन चार वर्षांनी जे परत येतील, त्यांतील चौथा हिस्साच काय तो सैन्यात पुढे घेतला जाऊ शकतो. परतलेल्या मुलास "तुला ठेवले नाही का?" असा प्रश्न पहिल्याच दिवशी गावाने विचारला, तर चार वर्षे जपलेला धागा आपणच तोडला असे होईल.

शेवटी एक गोष्ट सांगून आम्ही आपली रजा घेऊ. आपल्याच जिल्ह्यात, देवळी तालुक्यात, पुलगाव येथे सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्र उलटल्यावर तेथे भीषण आग लागली, स्फोट झाले, आसपासच्या गावांतील लोकांस घरे सोडावी लागली. दोन सेनाधिकारी आणि आग विझविण्यास धावलेले अनेक कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्या रात्री आपण आपल्या घरांचा विचार केला, हे साहजिकच होते. परंतु कोठे दूर प्रांतातील एखाद्या खेड्यात पुलगाव हे नाव घोकीत, फोन पुनःपुन्हा लावीत बसलेली आई होती, हे आपल्या किती जणांच्या मनात आले? आपल्या मुलांस जशा सियाचीन आणि तवांग या दूरच्या जागा, तसेच दुसऱ्याच्या मुलांस आपले वर्धा हे दूरचे ठिकाण आहे. पुलगावच्या बाजारात, वर्ध्याच्या वा सेवाग्रामच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेला परप्रांतीय जवान दिसला तर त्यास पाणी विचारावे, त्याच्या घरची चौकशी करावी, सणाच्या दिवशी ताटावर बोलवावे. आपल्या लेकरासही तिकडे कोणी असे विचारावे, ही इच्छा मनात धरणाऱ्याने आरंभ आपल्या दारातून केला पाहिजे.

मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. ज्या घरातून मुलगा वा मुलगी सैन्यात आहे, त्या घरी प्रत्येक तालुक्यातील एका सभासदाने महिन्यातून एकदा जावे. दवाखाना, तलाठी, बँक यांचे जे काम अडले असेल ते करावे. ज्या आईबापांस लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांनी पत्रलेखनाचे काम अंगावर घ्यावे. आणि ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनी मंडळाने निधी तर द्यावाच, शिवाय त्या दिवशी या सर्व आईबापांस एकत्र बोलवावे. त्यांना भाषणे नकोत. एकमेकांशी बोलता येईल एवढी सवड द्यावी. ज्याचा मुलगा दहा वर्षे बाहेर आहे तो बाप, ज्याचा मुलगा कालच गेला त्या बापास जे सांगेल, ते आमच्या या व्याख्यानापेक्षा पुष्कळ अधिक मोलाचे असेल.

घरी गेल्यावर ज्यांची मुले दूर आहेत त्यांनी आज रात्री चार ओळी लिहाव्यात, एवढीच प्रार्थना.